पाय या शब्दावर अडले असताना

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तू सासरी सुखरूप पोचल्याचे बाबांकडून कळले. हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नको. आईचा गुडघा आता बराच बरा आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम चालू आहे आणि मी सध्या 'फूट' म्हणजे पाय या शब्दावर अडले आहे.

एवढ्याशा पावलाचा पसारा पाहून थक्क व्हायला होते. डोंगराचा पायथा तो, पानाचा तळ तो, मोजण्याचे मापही तोच. 'पुट युवर फूट डाउन' म्हणजे ठाम नकार देणे. ते बाबांना छान जमते. 'फूट इन माउथ' म्हणजे बोलू नये ते बोलून बसणे. तो दोष माझ्यात नाही. मी तर बोलायला हवे तेव्हाही बोलत नाही.

'कोल्ड फीट'ला मात्र उदाहरण सुचेना. अर्थ सोपा: ऐन वेळी धीर सुटून माघार घेणे. मी एका जलतरणपटूचे वाक्य रचले. संपादकबाई म्हणाल्या, "या माणसाला तुम्ही कधी पाहिलंय? ओळखीचं काहीतरी द्या."

मग मी लिहिले, 'बहिणीशेजारी बसायचे कबूल करून ती सकाळीच ऑफिसला निघून गेली.'

बाईंनी चष्मा काढला. "कोशात चालेल," म्हणाल्या. "घरी चाललं का?"

ताई, त्या सकाळी तातडीचे काम वगैरे काही नव्हते. ऑफिसला कुलूप होते. मी जिन्यात बसून राहिले. "तू नुसती शेजारी बस, बोलायचं मी बघते," एवढेच तू मागितले होतेस. परत नांदायला जाणार नाही, हे तू बाबांना एकटीने सांगितलेस आणि त्यांनी ते खूळ ठरवले. संध्याकाळी दारात तुझ्या चपला नव्हत्या. लिहिताना मान वर होत नाही, पण तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले.

काल चहाच्या वेळी मी बाबांना सांगितले, "ताईच्या दंडावरचे वळ मी पाहिलेत."

"मग त्या दिवशी कुठे होतीस?"

"लपले होते."

त्यांनी कप बशीत ठेवला. "बघू," म्हणाले.

त्या 'बघू'वर तुला ठेवणे मला मान्य नाही. शुक्रवारच्या पहिल्या गाडीने येते आहे, मोठी बॅग रिकामी घेऊन. तुझ्या सासूबाईंसमोर तोंडातून शब्द फुटेल असे वचन देत नाही. माझ्या वचनाची किंमत तुला ठाऊक आहे. पण शेजारी बसेन, आणि तू उठलीस की उठेन.

तुझ्या दारात पोचेपर्यंत 'तुझीच' असे लिहायचा हक्क मला नाही. म्हणून नुसते,

धाकटी