ठिगळाची नज्म

भालकी, १२ फेब्रुवारी १९५१

श्रीयुत गुरुशांतप्पा अण्णांस शिवशंकरप्पाचे शरणु शरणार्थ. इकडील क्षेम म्हणावे तर चूल तीन आठवडे थंड आहे, तेव्हा क्षेम तुमच्याकडेच असू द्या. तुमच्या अप्पांचा दमा कसा आहे? (माझ्यावर ओरडताना त्यांना जराही धाप लागली नाही, हे मी स्वतः पाहिलं.)

तुमची बहीण दानम्मा माझं घर सोडून माहेरी हुलसूरला आली, त्याची एक बाजू तुम्ही ऐकलीच असेल. दुसरी शायरीची आहे. दहा वर्षं मी उर्दूत गझला लिहिल्या. त्यांत चंद्र, शमा, साकी. त्या साकीचा पत्ता कोणी विचारला नाही, दानम्मानंही नाही. पण हल्ली नव्या शायरांचं म्हणणं असं, की चंद्र पुरे झाला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं पाहिजे, आणि तेही रोजच्या पाहण्यातलं. (निजामी गेली, आता शाळेतून उर्दूही चाललीच आहे, निदान जाता जाता नवी होऊन जाऊ दे, असं या उर्दूच्या मास्तरालाही वाटलं.) मग चित्र शोधायला मी आमच्याच स्वयंपाकघराच्या दारात बसलो. काजळी धरलेली भिंत, फुंकणी, धुरानं लाल झालेले दानम्माचे डोळे आणि खांद्यावर निळ्या लुगड्याला लावलेलं तांबडं ठिगळ. अण्णा, ते ठिगळ दोन वर्षं तिथं होतं म्हणे! मला त्या दिवशी दिसलं.

त्यावर कविता केली आणि शाळेच्या मुशायऱ्यात ती नज्म वाचली. ठिगळाची ओळ लोकांनी तीनदा म्हणायला लावली. पहिल्या रांगेत, बाजाराला म्हणून आलेले अप्पा बसले होते, हे मी पाहिलं नाही (चित्रं पाहणारा माणूस रांगा कशाला पाहील!). अप्पा कापडाचे व्यापारी, निजामी अमलात शिकलेले, उर्दू माझ्यापेक्षा चोख. त्यांच्या लेकीच्या अंगावर ठिगळ, आणि त्याला सगळं गाव दाद देतंय. दुसऱ्या दिवशी गाडी दारात. मी दानम्माला समजावलं, की बाई, हे चित्र आहे, यात तुझा गौरव आहे. ट्रंक भरता भरता ती थांबली. म्हणाली, "ठिगळ दिसलं व्हय तुमाला? मग लुगडं कामून न्हाई आणलं? लिवत कामून बसलाव?"

मुशायऱ्यात एवढे जाणकार होते, एकानंही हे विचारलं नाही. तेव्हापासून मला एक ओळ सुचलेली नाही, आणि स्वतःची लाज वाटते ती वेगळीच. अप्पांची समजूत घाला, तिला धाडून द्या. थोरांस शरणु, लहानांस आशीर्वाद.

आपला,
शिवशंकरप्पा

ता. क. – तिच्या ट्रंकेत माझी वही गेली आहे. त्या नज्मेची दुसरी प्रत नाही, आणि हैदराबादच्या एका मासिकानं ती मागवली आहे. तेवढी आधी टपालानं पाठवा. (दानम्मा मागाहून आली तरी चालेल, असा याचा अर्थ नव्हे.)

आणखी ता. क. – वही राहू द्या. आज लुगडं घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं रंग विचारला. चार वर्षांचा संसार, पण तासभर उभा राहूनही सांगता आलं नाही. तिला कोणता रंग आवडतो तेवढं कळवा. मी विचारलं, हे मात्र तिला सांगू नका.