येडपट जागेवर झेल

२ फेब्रुवारी
घात झाला. माकणी चषकाच्या क्रिकेट सामन्यांचा माईक माझ्याकडून गेला. बाळू, कमिटीचा अध्यक्ष, सकाळी दळण घेऊन गिरणीवर आला आणि म्हणाला, "आप्पा, यंदा सामने मोबाईलवर लाईव्ह. जगभर दिसणार. कॉमेंट्री इंग्रजीतच पाहिजे. कळंबहून एक सर येणारेत."
मग मी काय करू?
"तुमी हायेतच की. हरवलेल्या चाव्या, आडव्या लावलेल्या गाड्या... छोटा माईक देतो तुमाला."
इतकी वर्षं घसा फोडला तो चाव्यांसाठी व्हय रे? दळण जाडंभरडं काढून दिलं. मुद्दाम.

५ फेब्रु.
सामने सुरू. सर तिशीतले, इनशर्ट, कळंबला इंग्रजीचा क्लास. बोलतात मात्र फाडफाड. मैदान गप्प. गडी आऊट झाला तरी माणसं एकमेकांची तोंडं बघतात. मी दोन चाव्या आणि एक चप्पल जाहीर केली. लाज वाटली.
जेवताना मंदा म्हणाली, "त्यांना बोलू द्या की इंग्रजीत. ते काय बोलले ते तुम्ही लोकांना सांगा. त्याला कोण नको म्हणंल?" बायको हुशार आहे. तिला सांगितलं नाही, उगं डोक्यावर बसंल.

६ फेब्रु.
लोकांना सांगितलं! सर म्हणाले, सिली पॉइंटला कॅच. मी चाव्यांचा माईक उचलला. "मंडळी, गडी येडपट जागेवर सापडला!" हशा. मग काय, सुटलोच. स्क्वेअर लेग: "चौकोनी पायाचा गडी पळतोय, बघा कसा पळतोय." थर्ड मॅन: "तिसरा माणूस उभा हाय, पहिला-दुसरा कुठं गेले ते सरांना विचारून सांगतो." स्लिपमधी कुणी घसरत न्हाई, कव्हरवाल्यानं काय झाकलेलं न्हाई. इन असतो तो बाहेर उन्हात भाजतो, आऊट झाला की आत मांडवात येऊन पाणी पितो. सगळं शब्दाला शब्द, पदरचं काही नाही. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून ऐकत होत्या. सर लालबुंद.

७ फेब्रु.
बाळू छोटा माईकही घेऊन गेला. "पाहुण्याची चेष्टा करता व्हय, आप्पा?" चेष्टा कसली, भाषांतर! पण लई वाईट वाटलं. गिरणी दिवसभर चालू ठेवली, मैदानावरचं ऐकू येऊ नये म्हणून. दळायला काही नसताना.

८ फेब्रु. फायनल
जायचं नाही असं ठरवलं होतं. मंदा मात्र "मी चालले" म्हणून गेली. कधी मैदान न बघितलेली बाई! मी एकटाच गिरणीत.
दोन डावांच्या मधे मोटारसायकल दारात. सर! आणि चक्क मराठीत. "आप्पा, चला. लोक तुमच्या नावानं ओरडायलेत. माझं कुणी ऐकंना. आन् खरं सांगू का, ते पहिला-दुसरा कुठं गेले, मला बी आजपर्यंत कळलं न्हाई."
अंगावरचं पीठही झटकलं नाही. बसलो मागं.
शेवटचा बॉल, जिंकायला सिक्स पाहिजे. सरांनी मोठा माईक माझ्या हातात दिला. "आता तुम्ही इंग्रजीत, मी मराठीत." बॉल उडाला आणि तोंड आपोआप सुरू. "बॉल गोइंग! गोइंग! गोइंग! नॉट कमिंग! बॉल इन ज्वारी! ज्वारी ऑल डाऊन, बट सिक्स इज सिक्स!" सर छोट्या माईकवर किंचाळले, "मंडळी, चेंडू गेला, तो काय आता परत येत न्हाई!" अख्खं मैदान उभं. मंदा ट्रॉलीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.
जिंकलो! कुठली टीम जिंकली ते घरी आल्यावर तिला विचारलं.

११ फेब्रु.
नळदुर्गच्या कमिटीचा फोन. पुढच्या महिन्यात सामने, "ते इंग्रजीवाले आप्पा" पाहिजेत. एकट्यानं येणार का? आठवड्यापूर्वी असं कुणी विचारलं असतं तर चालत गेलो असतो. आज म्हणालो, सरांना विचारून सांगतो. माईक एक असला तरी चालंल, माणसं दोन पाहिजेत.
सरांना तेव्हापासून तीनदा फोन केला, लागत नाही. बाळूनं त्यांना काही बोलून दुखवलं की काय कोण जाणे. मंदा म्हणते, "इंग्रजीत मेसेज टाका, वाचतील." लिहायला बसलोय. 'डिअर सर' लिहिलं. म्हणजे प्रिय. शब्दाला शब्द, आणि खोटंही नाही. पुढं काय लिहावं ते मंदालाच विचारतो.