डबल म्हणजे नेमकं काय

मी, हेमराज सोमाजी भांडेकर, वय एकसष्ट, धंदा टोस्ट-आमलेटची टपरी, राहणार माजरी, तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाशिवाय आणि दारूचा थेंब न घेता हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. सोमवारी नागपुरात माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. पण कागदावर माझी सही त्यांनी आधीच घेऊन ठेवली. मग मीही माझं उरकून घेतो.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी बायको चंदा हिला. ती असेपर्यंत तिला 'विकून टाक' म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. कोणी म्हणालाच तर ती त्याला कसा दारात उभा करते ते मी पाहिलेलं आहे.

कलम २. खाणीच्या फाटकाबाहेरची टपरी, दोन्ही शेगड्या, मोठा तवा, सुरी आणि पाटी माझी मुलगी मंजुषा हिला. जावयाला नाही. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्या हातचं आमलेट कुत्रं खात नाही.

कलम ३. मंजुषाला सूचना. वस्तू एकच, नावं पन्नास. सूरजागडचे ट्रकवाले बिरेड-आमलेट मागतात. सिरोंच्याकडचे ड्रायव्हर गुड्डू-बिरेड म्हणतात, तेलुगूत गुड्डू म्हणजे अंडं. बिहारकडचे कामगार अंडा-डबल म्हणतात. बँकेतल्या साहेबांना सँडविच लागतं, त्यांना तिरपं कापून द्यावं, बाकी सगळं तेच. म्हाताऱ्या बाया सेंडूच म्हणतात, हसू नये. आणि माजरीत कोणी नुसतं 'डबल' म्हणाला, तर तो अंड्याचंच मागतो. हे वाक्य मी एकवीस वर्षं लोकांना सांगत आलो. कलम ५ पाहावे.

कलम ४. समोरच्या प्रवीणनं माझी पाटी जशीच्या तशी उतरवली, त्यातल्या चुकांसकट. त्याला मी माफ केलेलं नाही. माझा लहान तवा, जो चिकटतो, तो त्याला द्यावा.

कलम ५. हे लिहायला तीन दिवस टाळाटाळ केली. माझा मोठा भाऊ मुखरू आत्ता बाहेरच्या खोलीत बसलेला आहे. चंदानं फोन केला म्हणून सकाळच्या गाडीनं चामोर्शीहून आला. एकवीस वर्षांनी. तिनं पुढं ठेवलेला पाण्याचा गिलास अजून तसाच भरलेला आहे, मला दारातून दिसतो.

आम्ही लहान असताना बाबा चामोर्शीच्या बाजारातून डबलरोटी आणायचे. आई दोन तुकड्यांमध्ये लाल मिरचीची चटणी भरायची. त्याला आम्ही दोघं भाऊ डबल म्हणायचो. आमच्या घरात दुसरं कशाला डबल म्हणतच नव्हते. मला आजही तोच सगळ्यात जास्त आवडतो, पण पाटीवर तो कधी लिहिला नाही.

पुढं मुखरूभाऊनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. अंडं, मांस, मासोळी सगळं सुटलं. दोन हजार तीन साली तो माझ्याकडे आला तेव्हा चंदानं घरात मासोळी केली होती. तिनं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. "या घरचं पाणी मले चालत नाई," एवढंच म्हणाला. चंदा गिलास हातात धरून तशीच उभी राहिली. मला फार लागलं.

तिथून तो टपरीवर आला. पोटात सकाळपासून काही नव्हतं. म्हणाला, "हेमराज, पाकिटातला पाव चालते मले. तव्याले लावू नको. एक डबल दे."

त्याला कोणता डबल पाहिजे होता हे मला ठाऊक होतं. त्याच्यासोबतच तर मी तो खात मोठा झालो. तरी मी कागदासारखं पातळ आमलेट काढलं, वरून चटणी थापली आणि दिलं. त्यानं शेवटचा घास गिळल्यावर माझं रोजचं गिऱ्हाईक, खाणीतला कामगार बिरजू हसत म्हणाला, "महाराज, ये तो अंडा-डबल था." सगळे ड्रायव्हर हसले. भाऊनं चूळ भरली, पिशवी उचलली आणि गेला.

मी सगळ्यांना सांगितलं, इथं डबल म्हणजे अंड्याचाच, माझी काय चूक. आईच्या तेराव्यालाही तेच सांगितलं. मंजुषाच्या लग्नाला तो आला नाही, तेव्हाही तेच.

ते खोटं होतं. शब्दाची चूक नव्हती. मी जाणून केलं, आणि मला त्याची लाज वाटते.

कलम ६. मुखरूभाऊला मी काही ठेवलेलं नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये, उद्या कोणी बोट ठेवेल. त्याला काही देणं किंवा त्याची सही घेणं, दोन्हीतलं एकच जमत होतं. मी सही निवडली. मंजुषानं पाटीवरून 'डबल' हा शब्द पुसून टाकावा.

भाऊ, सही करण्याआधी कलम पाच वाच. वाचून सही करायची नसेल तर करू नको. मी दुसरा साक्षीदार बोलावणार नाही. मग हा कागद असाच राहील.

ठिकाण: माजरी. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

सही: हेमराज सोमाजी भांडेकर

साक्षीदार १: बिरजू केवट, राहणार माजरी. (सही)
मी त्या दिवशी हसलो होतो, हे पण लिहून घ्या.

साक्षीदार २: मुखरू सोमाजी भांडेकर, राहणार चामोर्शी. (सही)
कलम पाच वाचलं. दोनदा वाचलं. मले पहिल्याच घासाले समजलं होतं हेमराज, अंडं आहे म्हणून. इतक्या लोकांत तोंडातलं थुकलो असतो तर तुही इज्जत गेली असती, म्हणून पुरा खाल्लो. मंग स्टँडवर सांजपर्यंत बसून राह्यलो. म्हटलं, तू येशीन अन् सांगशीन. दोन गाड्या सोडल्या. तू आला नाई.
चंदाबाईचं पाणी म्या घ्याले पायजे होतं. आता पेलो.
पाटीवरचा डबल पुसू नको. त्याच्याखाली चटणीवाला लिव. सोमवारी मी नागपूरले संग येतो.