टोकाची तार

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि आई बऱ्या आहात ना? मी ठीक आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी वाचाच बसते, म्हणून लिहितोय.

इथली थंडी ओसरली. टेकडीवरचं आमचं काम परवा संपलं. तू नेहमी हसायचीस, 'माझा नवरा आणि भाऊ मिळून हवेत मोजतात तरी काय?' अगं, जमिनीलगतची हवा कधी स्वस्थ नसते. गरम-गार झोत एकमेकांत घुसत राहतात, आणि त्यातून पाहिलेली चांदणी थरथरते, फिसकटते. ही चुळबुळ जिथे थांबते त्याच्या वर दुर्बीण बसवायची. ती उंची शोधायला उभारलेल्या मनोऱ्यावर खालपासून टोकापर्यंत केसाहून बारीक तारा लावलेल्या. हवा जराशी बदलली तरी त्यांना कळतं. वाऱ्याने त्या तुटायच्या आणि दाजी चढून बदलायचे. वरून ओरडायचे, "मेव्हण्या, आ वासून बघू नकोस, तोंडात पक्कड पडेल!"

दाजी कामात आहेत, असं मी तुला सांगत आलो. ते खरं नाही. ते हॉस्पिटलमध्ये आहेत.

जिवंत आहेत. आधी तेवढं वाच.

गेल्या महिन्यात टोकाची तार तुटली, ती बदलायला दाजी चढले. सकाळ होती, वाराही पडलेला. कमरेचा पट्टा त्यांनी नीट अडकवला होता, पण ज्याला अडकवला तो मनोऱ्याचा वरचा तुकडाच जोडातून निसटला. मी खाली उभा होतो. ताई, ते ओरडलेसुद्धा नाहीत.

कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही. पुन्हा चालतील अशी आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाले, "तिला कळवायचं नाही. काम लांबलंय म्हण."

"किती दिवस म्हणू?"

"म्हणत राहा."

मी शब्द दिला. आज मोडतोय.

रोज विचारतात, "टोकाची तार काय म्हणते?" मी सांगतो, "शांत आहे. जागा उत्तम." खरं तर तुकडा पुन्हा बसवून मोजलं, तेव्हा टोकापाशीही हवा तशीच खवळलेली निघाली. साहेबांनी टेकडी नाकारली, मनोरा उतरवला. हे दाजींना कुठल्या तोंडाने सांगू?

काल नर्स त्यांचे कपडे बदलायला आली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, मला म्हणाले, "बाहेर जा." दाराआडून ऐकलं, तुझं नाव घेऊन रडत होते.

आईला शेजारच्या काकूंवर सोपव आणि निघ. मी स्टेशनवर येतो. ते तुझ्यावर चिडतील, परत जा म्हणतील.

जाऊ नकोस.

तुझा, आणि त्यांचाही,
धाकटा