चार केबल, चार जागा

३ मार्च, सकाळी ७.
आजपासून नोंदी. वाचक मी एकटाच, म्हणजे चोखंदळ.
विषय: आमचे दोन आसनी, कापडी पंखांचे विमान. वय माझ्याइतकेच, प्रकृती माझ्याहून बरी. मालकी निम्मी माझी, निम्मी मेहुण्याची. मेहुणा निवृत्त दंतवैद्य. जे हलते ते उपटावे, एवढेच तत्त्वज्ञान. विमानतळाच्या फाटकासमोरच्या पेट्रोल पंपाला शोभेसाठी खांबावर विमान हवे आहे म्हणे. करार मीच लिहिला: ३१ तारखेच्या पहिल्याच तपासणीत इन्स्पेक्टरने पास केले तर विमान उडेल, अन्यथा खांबावर. पळवाट ठेवलेली नाही. तर्कशास्त्र उगाच का तीस वर्षे शिकवले?
पहिल्या फेरीला सौ.ला नेणार. वचन चौतीस वर्षांपूर्वीचे.

५ मार्च.
नुसते पास होणे हे सामान्यांचे ध्येय. मी सुधारणा करणार.
पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या फळ्या असतात, एलरॉन. वैमानिकापुढचा दांडा, म्हणजे स्टिक, डावीकडे नेली की डावी वर, उजवी खाली. विमान डावीकडे कलते. फळी आणि पंख यांत बोटभर फट आहे. फटीतून हवा निसटते. निसटते ते वाया जाते. सबब फट बुजवल्यास विमान चपळ होईल. अनुमान निर्दोष. फ्लाइंग क्लबच्या मेकॅनिकला ऐकवले. तो म्हणाला, फट आहे म्हणून तर फळी हलते, सर. अनुभववादी मनुष्य.

९ मार्च.
संकल्प: रोज चार तास काम. आज चाळीस मिनिटे. उर्वरित वेळ एक स्क्रू शोधण्यात गेला. सापडला, माझ्याच खिशात. शोध हेही कामच.

१४ मार्च.
दोन्ही एलरॉन उतरवले, केबल सोडल्या. प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधा, असा मेकॅनिकचा हट्ट. त्यास सांगितले: चार केबल, चार जागा, गोंधळास वावच नाही. चिठ्ठ्या विसराळू माणसांसाठी असतात.
चष्मा हँगरमध्ये राहिला.

२० मार्च.
फटीवर जाड टेप लावली. फळी हलेना. मेकॅनिक हसला नाही, हे त्याचे सौजन्य. पण खोकला फार वेळ.
टेप काढून पातळ पट्टी लावली. आता हलते, मात्र कुरकुरत. सौ. म्हणाली, घरातलंच वळण आहे.

२६ मार्च.
केबल जोडल्या. दोन जरा तोकड्या पडल्या, ओढून बसवल्या. जुन्या वस्तू आकसतात.

२८ मार्च, सायंकाळी ५.
चाचणी. मेकॅनिक रजेवर, उत्तमच. सौ. कॉकपिटमध्ये, मी विमानाच्या नाकासमोर, तिच्याकडे तोंड करून. स्टिक डावीकडे न्यायला सांगितली. माझ्या डाव्या हाताची फळी वर. सिद्ध!
सौ. म्हणाली, "अहो, माझी तर उजवी वर गेली."
तिला समजावले की प्रयोगात निरीक्षक एकच असावा आणि येथे तो मी आहे. ती म्हणाली, मग तुम्हीच चालवा, मी आपली बसते.

३१ मार्च.
इन्स्पेक्टर आत बसले. स्टिक डावीकडे. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा पाहिले. केबल कोणी जोडल्या, असे विचारले. मी, म्हणालो.
"सर, हे डावीकडे वळवलं की उजवीकडे जाईल."
मी निदर्शनास आणले की उलटेपणा संपूर्ण सुसंगत आहे. वैमानिकाने उलटा विचार केला की पुरे.
"तेवढा विचार होईपर्यंत जमीन येते."
पट्ट्यांचीही परवानगी घेतली नव्हती, असे निघाले. नापास. मेकॅनिक म्हणाला, पट्ट्या काढून केबल अर्ध्या दिवसात बदलून देतो. मेहुण्याने खिशातून करार काढला आणि "पहिल्याच" या शब्दावर बोट ठेवले. अक्षर माझेच. "भावोजी," तो म्हणाला, "लिहिलंय मात्र सुरेख."

१२ एप्रिल, सकाळी ६.
विमान पंपाकडे नेले. पुढे ट्रॅक्टरवर मेकॅनिक, मागे शेपूट धरून मी. सौ.ने कॉकपिटमध्ये बसण्याचा आग्रह धरला. डोक्याला स्कार्फ बांधून आली होती. फाटकापाशी ट्रॅक्टर डावीकडे वळला. तिने स्टिक डावीकडे नेली आणि मागे वळून ओरडली, "अहो, वळलं बघा!"
मागून प्रथमच पाहत होतो. उजवी फळी वर होती.
हो, म्हणालो.