सध्या आम्ही काय वाचतो

१२ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार. वाकून केला असं धरून चाला. माझी कंबर आणि तुमचे गुडघे, कुणालाच आता ते परवडत नाही.

पुस्तकांचं पार्सल पोचलं. तुम्ही दोरी इतकी आवळून बांधता की आत पुस्तकं आहेत की कैदी, अशी शंका यावी. प्रत्येक पत्रात तुमचा एकच प्रश्न असतो, 'सध्या काय वाचताय?' तर यावेळी सविस्तर सांगते.

दीपगृहावर वाढलेल्या तीन बहिणींची कादंबरी संपली. झकास आहे. थोरली कमी बोलते, पण बोलते तेव्हा समोरच्याची सालटी निघतात. तुमची आठवण झाली. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या खुनाची वाचली. खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं, लेखकाला शेवटपर्यंत कळलं नसावं. आता तुम्ही पाठवलेला उंटांच्या व्यापाऱ्यांवरचा ठोकळा चालू आहे. रोज दुपारी झोप झाली की मी यांच्या पलंगाशी खुर्ची ओढते आणि मोठ्याने वाचते. शाळेत सिस्टरनी शिकवलं तसं: पाठ ताठ, आवाज पोटातून, स्वल्पविरामाला श्वास. लग्नात तुम्ही मला 'कॉन्व्हेंटवाली सून' म्हणून नाक मुरडलंत ते मी विसरलेले नाही. पण आपल्या भाषेतलं पहिलं धड पुस्तक हातात दिलंत तेही तुम्हीच, हेही विसरलेले नाही.

यांना वाचन आवडतं. ऐकताना हसतात.

त्या वाचा सुधारायला येणाऱ्या मुलीचं मात्र काय करावं कळत नाही. चित्रांचे पत्ते घेऊन येते. "आजोबा, हे काय? चेंडू! म्हणा, चें..." दिवसा कचेरी आणि संध्याकाळी नाटक, अशी चाळीस वर्षं ज्या माणसाने विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली, त्याला चेंडू! मी म्हटलं, "बाळ, त्यांचे शब्द गेलेत, अक्कल गेलेली नाही."

तर म्हणते, "समज किती उरली आहे ते अजून सांगता येत नाही ना, आजी."

आजी! मी हिची आजी असते तर हिला आधी घरात शिरताना चप्पल काढायला शिकवलं असतं.

भेटायला येणारेही तसलेच. यांचा उजवा हात आणि जीभ गेली, कान शाबूत आहेत, तरी जो तो कानाशी येऊन ओरडतो. आणि जाताना मला दारात गाठून कुजबुजतो, "कळतं का हो त्यांना?" मी ठणकावून सांगते, कळतं. तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

तर काळजी करू नका. तुमचा भाऊ ऐकतो, हसतो, वेळेवर गोळ्या घेतो. घरात बोलताना मला एखादा शब्द आठवेनासा झाला की हे लगेच पुरवायचे, आणि माझं डोकं फिरायचं. आता मला निवांतपणे अडखळता येतं.

नवीन काही चांगलं हाती लागलं तर पाठवा. दोरी जरा सैल.

तुमची,
कॉन्व्हेंटवाली


१९ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार-चमत्कार पुढच्या वेळी. आधी हे सांगा, नाटकवाल्यांना फोन करायचा उपद्व्याप तुम्हाला कुणी सांगितला होता?

काल राणीसाहेबांचा फोन आला. तुम्हाला आठवत असतील, जन्मभर राण्यांचीच कामं केली आणि रिक्षावाल्याशीही तशाच बोलतात त्या. म्हणाल्या, "तुमच्या नणंदबाईंकडून कळलं, ते रोज तुमचं वाचन ऐकतात, सगळं समजतं! अहो, किती आनंद झाला! आम्ही सगळे येतोय. त्यांच्यासमोर तिसरा अंक वाचणार. बघाच तुम्ही, आमचं वाक्य चुकलं की त्यांचे ओठ हलतात की नाही!"

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच बसले.

वन्सं, त्यांना थांबवा. तुम्ही बोलावलंत, तुम्हीच थांबवा. पाहुणे नकोत, ताप आहे, घराला रंग लावताहेत, मला वेड लागलं आहे, काय वाटेल ते सांगा. का, ते सांगते. वाचून झाल्यावर पत्र फाडा.

उंटांच्या पुस्तकात एका दुपारी माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. व्यापारी वाळवंटात तहानेने मरत होता, तो पुढच्याच ओळीत मेजवानीला बसला. मी थांबले. तुम्हाला तुमचा भाऊ ठाऊक आहे. कुणी एक ओळ गाळली तरी यांच्या अंगावर काटा येतो. लग्नानंतर मी पेपर वाचून दाखवताना एक बातमी अर्धवट सोडली, तर आंघोळीतून ओरडले होते, "मग त्या चोराचं काय झालं?" म्हटलं, आता भुवई तरी हलेल.

हसत होते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम अख्खं प्रकरण गाळलं. हसत होते. मग दीपगृहाची कादंबरी पुन्हा काढली, ती यांना आवडली होती असं मीच सगळ्यांना सांगत होते ना. धाकटी बहीण शेवटी परत येते, तिला मी पहिल्याच भागात बुडवून मारली. चष्म्यावरून पाहिलं. तेच हसू. जेवणाचा डबा उघडला की, खिडकीत कबुतर बसलं की, आणि ती पोरगी चेंडू दाखवते तेव्हाही असतं तेच. मी त्या मुलीला उगीच फाडून खाल्लं. तिचं बरोबर होतं.

मी आयुष्यभर टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली. पलीकडे माणूस आहे की नुसती घरघर, हे मला पहिल्या क्षणाला कळायचं. मला कळायला हवं होतं.

आणि आता तुमच्या नेहमीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सध्या आम्ही काहीच वाचत नाही. त्या दिवसानंतर मी पुस्तक वाचलेलंच नाही. रोज दुपारी खुर्ची ओढते, चष्मा लावते, पुस्तक उघडते, आणि वाचनाच्या आवाजात मनाला येईल ते बोलत सुटते. सांभाळायला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात असतात, त्यांना वाटतं आजींचं वाचन चालू आहे. परवा म्हणाल्या, "आजचा भाग फार रागाचा होता हो." मी म्हटलं, "हो, सूनबाई तापली होती."

काय बोलते ते लिहिणार नाही. घरातल्या चार भिंतींनी ऐकलंय तेवढं पुरे. आणि भिंतींखेरीज तिथे कुणी नाही, हेच तर मी तुम्हाला सांगते आहे.

ती माणसं इथे आली, त्यांनी अंक वाचला, कुणीतरी चुकलं आणि सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं, तर हे हसतील. मग ते सगळ्यांना कळेल. आत्ता ते फक्त मला ठाऊक आहे, आणि मी अजून बाहेर 'कळतं' म्हणून सांगू शकते. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या.

तुम्ही मोठ्या आहात. हात जोडते.


५ मार्च

ती. वन्संना,

तुमचं उत्तर मिळालं. एका ओळीचं. 'येऊ दे त्यांना.' एवढ्यासाठी तिकीट खर्च केलंत! मी ते चुरगळून केराच्या टोपलीत टाकलं आणि मग खुर्च्या पुसायला घेतल्या.

आज आले सगळे. आठजण. यांच्या खोलीत मावेनात म्हणून दोघं दाराच्या चौकटीत उभे. मी यांना दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून पलंगावर उशांना टेकवून बसवलं होतं. राणीसाहेब आल्या त्या काठी टेकत. ओठ रंगवलेले, हात थरथरणारे. यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "विंगेत तुम्ही आहात ना? मग मला भीती नाही."

हे हसले. मी दुसरीकडे पाहिलं.

तिसरा अंक तुम्ही पाहिलेला आहे. दरबार भरतो, परदेशातून पळून आलेल्या राजपुत्राला साखळदंडात उभं करतात. प्रधान राणीला विचारतो, "या माणसाला आपण ओळखता?" हो म्हणाली तर राज्य जातं, नाही म्हणाली तर मुलगा. राणी म्हणते, "नाही." पुढे पडदा.

प्रधानाचं काम करणाऱ्याचा दात पडलाय, त्यामुळे दरबारात थोडा वारा सुटला होता. पण वाचत होते बरं. कागद सगळ्यांच्या हातात, एकट्या राणीसाहेबांनी घेतला नव्हता. "मला पाठ आहे," म्हणाल्या. मी यांच्या उशाशी बसले होते, नाटकाची जुनी वही मांडीवर घेऊन. यांचीच ती.

प्रधानाने विचारलं, "या माणसाला आपण ओळखता?"

राणीसाहेब गप्प. नजर समोर, ओठ जरासे उघडे. वेळ गेला. प्रधान कागदातून वर पाहायला लागला. चौकटीतला एकजण खोकला. म्हातारपण, विसरल्या, दुसरं काय! आणि मग, वन्सं, मला भीती होती तेच झालं, सगळ्यांचे डोळे एकेक करत पलंगाकडे वळायला लागले. आता ओठ हलतील म्हणून. मला ते बघवेना. मी पुढे वाकून हळूच शब्द दिला, "नाही."

माझं मनगट कुणीतरी धरलं.

डाव्या हाताने. इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी वळून पाहिलं. हसू नव्हतं. भुवया जुळलेल्या, आणि ती नजर, घाई करून मधेच वाक्य देणाऱ्या उमेदवार प्रॉम्प्टरवर ते विंगेत टाकायचे ती. तुम्ही पाहिली आहे. मी चाळीस वर्षांत एकदाच पाहिली होती, आणि त्यानंतर पुन्हा कधी विंगेत पाऊल टाकलं नव्हतं. माझं मनगट सोडून त्यांनी बोट वर केलं. थांब. ती विसरलेली नाही. हा तिचा विराम आहे.

राणीसाहेबांनी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. बोट वर होतं तोवर त्या गप्प राहिल्या. मग बोट खाली आलं, आणि त्या म्हणाल्या, "नाही."

सगळे रडले. प्रधान तर तोंडात रुमाल कोंबून रडला. राणीसाहेब यांचा हात सोडीनात. "बघितलंत? अहो, सगळं आहे आत! सगळं तसंच्या तसं आहे!" मावशींनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. मला मिठ्या मारल्या लोकांनी. भाग्यवान आहात म्हणाले.

आत आहेत, वन्सं. सगळं तसंच्या तसं आहे. तुम्ही जिंकलात.

आता मी तुम्हाला सांगते, मी त्यांना काय वाचून दाखवलं ते.

म्हणजे उंटांचा व्यापारी मेजवानीला बसला तेव्हाही त्यांना कळलं होतं. बहीण बुडाली तेव्हाही. त्यांना वाटलं असेल, ही दमली आहे, आटपू दे लवकर. म्हणून हसले. आणि मग पुस्तक उघडं धरून मी जे बोलत गेले, तेही ऐकलं. त्यांची नाटकं, त्यांच्या संध्याकाळी, मी एकटीने काढलेली घरातली आजारपणं, हे सगळं ऐकलं. ते काही नाही, ते मी तोंडावरही बोलले असते. पण एका दुपारी मी म्हटलं, स्वल्पविरामाला श्वास घेत, चांगल्या स्वच्छ आवाजात म्हटलं, की ते न्हाणीघरात कोसळले त्या सकाळी दार फोडायला मी शेजाऱ्यांना हाक मारली ती चूक झाली. मी तशीच चहा पीत बसले असते तर तासाभरात ते सुटले असते आणि मीही सुटले असते. हे मी एकदा नाही म्हटलं. मला बरं वाटायचं म्हणून रोज म्हणत होते. नव्या नव्या शब्दांत. ते माझ्याकडे बघून हसत होते.

लोक गेल्यावर मी खोली आवरली. खुर्च्या जागेवर लावल्या, पुन्हा हलवल्या, पुन्हा लावल्या. शेवटी आवरायला काही उरलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी दीपगृहाची कादंबरी काढली आणि पहिल्या पानापासून सुरू केली, म्हटलं, यावेळी एकही शब्द गाळणार नाही. समुद्र कसा होता त्याचं वर्णन आहे, साधी दोन वाक्यं. पहिलं झालं. दुसऱ्याला माझा आवाजच निघेना. शब्द समोर छापलेला होता आणि मला तो म्हणता येईना. मी त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी बोट वर केलं होतं.

मी पुस्तक तसंच खुर्चीवर ठेवून इकडे स्वयंपाकघरात आले आणि हे लिहायला बसले. दार उघडं आहे. इथून त्यांचा हात दिसतो. खाली घेतलेला नाही.

वन्सं, तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. अंगणात भावंडांची नाटकं बसवायचात तेव्हापासून. मला एवढंच सांगा. त्या बोटाचा अर्थ 'घाई करू नकोस, मी आहे' असा आहे, की 'पुरे, आता एक शब्द बोलू नकोस' असा? विंगेत दोन्हीला एकच खूण होती का? मी त्यांना विचारू शकत नाही. विचारलं तरी ते सांगू शकत नाहीत. आणि मला आत जायचं आहे.

गुडघ्यांचं काय ते औषध घ्या, कुणाचा तरी आधार घ्या, पण या. पुस्तकं आणू नका.

तुमच्या भावाची बायको