एक जुनं जहाज, एक जुनी बस

अप्पा, मी सध्या शांघायला आहे. जहाजांवरून जाणाऱ्या मालाची नोंद ठेवणारी संगणकाची यंत्रणा बसवायला हैदराबादच्या कंपनीनं मला काही महिने इथं पाठवलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी बीदरच्या कॉलेजात शिकत होते, त्यामुळं यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही.

काल सुट्टी होती. ऑफिसातल्या एका चिनी मुलीबरोबर इथल्या एका विद्यापीठातलं जहाजांचं संग्रहालय बघायला गेले. खालच्या मजल्यावर चीनच्या समुद्रप्रवासाचा इतिहास आहे: शिडांच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती, सुकाणू, होकायंत्र. होकायंत्राला त्यांच्या भाषेत दक्षिण दाखवणारी सुई म्हणतात. सुई तीच, आपण तिचं उत्तरेचं टोक बघतो, हे लोक दुसरं. एका जहाजाचं पोट कापून दाखवलंय. आत आडव्या भिंती घालून खण केलेत, म्हणजे एका खणात पाणी शिरलं तरी जहाज तरंगत राहतं. तुम्ही असता तर काचेला नाक लावून बसला असता आणि मला तुम्हाला हाताला धरून ओढत न्यावं लागलं असतं.

वरचा मजला मात्र एकाच माणसाचा आहे. हा मोठा जहाजमालक. आधी याची चांगली बैठी नोकरी होती. जहाजातलं काही कळत नसताना यानं एक जुनं, दुसऱ्यानं वापरून टाकलेलं जहाज घेतलं. पुढं त्याची किती जहाजं झाली ते भिंतभर लिहिलंय, पण मी त्या पहिल्या जहाजाच्या फोटोपुढंच उभी राहिले. कारण मला मैलूरच्या आपल्या घरापुढं उभी असलेली निळी बस दिसायला लागली.

तुम्ही कचेरीतली कारकुनी सोडून ती जुनी मिनीबस आणलीत, त्या दिवशी आई चुलीपुढून उठलीच नाही. "चांगली नोकरी सोडून हे काय करायलाव?" एवढंच म्हणाली. अज्जांनी आयुष्यभर मेंढरं राखलेली. ते बसभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मेंढरू मेलं तर कातडं तर हाती येतंय. ही मेली तर काय येतंय रे?" तुम्ही नुसते हसलात.

आणि ती मेलीच. अफजलपूरला लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालो होतो, मी तुमच्या शेजारी बसलेले. गुलबर्ग्याच्या पुढं तुरीच्या रानात बस जी थांबली ती हलेचना. नवरदेवाच्या बापानं सगळ्यांदेखत तुम्हाला वाट्टेल ते ऐकवलं. तुम्ही हात जोडून एक ट्रक थांबवलात, वऱ्हाड त्यात चढवलंत आणि मग आपण दोघंच उरलो. मला रडू येत होतं. तुम्ही इंजिनात डोकं घातलेलं, तोंड काळं झालेलं.

"भ्यालीस का गं?"

"न्हाई."

"मग हिकडं ये की. हे बघ, डिझेल हितून येतंय, पर फुडं जाईना. कामून जाईना, सांग बघू?"

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही खुशीत होता, अप्पा! कचेरीतून घरी येताना तुम्ही कधीच तसे दिसला नव्हता. त्यानंतर वऱ्हाडं मिळेनाशी झाली, बस भंगारात गेली आणि तुम्ही दुसऱ्याच्या ट्रान्सपोर्टमध्ये पावत्या फाडायला बसलात. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, हे विचारायच्या आधीच तुम्ही गेलात.

संग्रहालयात माहिती सांगायला एक म्हातारे गृहस्थ होते. मैत्रिणीकरवी मी त्यांना विचारलं, "यांचं हे पहिलं जहाज भर समुद्रात कधी बंद पडलं होतं का?"

ते जरा गोंधळले, मग हसले. "ते इथं लावलेलं नाही."

मी तिथून हलेना, तेव्हा फोटोकडं बघत म्हणाले, "जुनं होतं ना. पडलंच असणार."

"मग यांनी काय केलं?"

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. मग आम्ही तिघंही त्या फोटोकडं बघत राहिलो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. परत गेले की नोकरीचा राजीनामा देणार आहे. हैदराबादला मालवाहतुकीचं स्वतःचं लहानसं ऑफिस काढायचंय. जागाही बघून ठेवलीय. आईला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.